खाली बसवणारी घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळा सुटल्याची गोड बातमी देते ती मी नव्हे, आणि सायकलवर बसून रस्ताभर आगाऊपणा करत फिरते ती तर मुळीच नव्हे. मी टेबलावरची घंटी. पितळेची, पालथ्या वाटीसारखी, डोक्यावर एक बटण. बटण दाबलं की पोटातली इवलीशी हातोडी कडेवर आपटायची आणि 'टिंग' असा आवाज व्हायचा. आता तो होत नाही. का होत नाही, तेच सांगायला बसले आहे. गोष्ट हसण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला एका पितळेच्या कारागिराने घडवलं. त्याने मला कानाशी धरून वाजवलं, घासलं, पुन्हा वाजवलं. मनासारखा सूर लागल्यावर तो बायकोला म्हणाला, "ही ऐकली की भांडणारासुद्धा गप्प बसेल बघ." मी हुरळून गेले. तेव्हा मला गप्प बसवण्याचं मोठं कौतुक वाटलं होतं.

तिथून मी एका कॉलेजात आले. प्राध्यापकांच्या सभागृहात, लांबलचक टेबलाच्या टोकाला, प्राचार्यांच्या उजव्या हाताशी माझी जागा होती. तिथला नियम असा, की सभेत प्रत्येकाने ठरलेली मिनिटंच बोलायचं. वेळ संपत आली की मी एकदा वाजायची. दुसऱ्यांदा वाजले की वाक्य अर्धं राहिलं तरी खाली बसायचं. दुसऱ्या टिंगनंतर उभं राहणं म्हणजे तिथे असभ्यपणा समजला जाई.

काय दिवस होते ते! मला श्वास घ्यायला फुरसत नसे. फी वाढली की सभा, एखाद्या विद्यार्थ्याला विनाकारण पकडून नेलं की सभा, वर्तमानपत्रात काही खोटं छापून आलं की सभा. गणिताचे सर टेबलावर मूठ आपटत, आणि मी जागच्या जागी उडत असे. भूगोलाच्या बाई तर माझ्या खास गिऱ्हाईक. त्या बोलायला उभ्या राहिल्या की प्राचार्य आधीच बटणावर बोट ठेवून बसत. "घंटी तुमची, पण मुद्दा माझा," असं म्हणत बाई दोन टिंगच्या मध्ये सगळं कोंबून बसवत आणि मगच खाली बसत. संध्याकाळी माझं डोकं ठणकत असे. पण मित्रांनो, दमलेल्या अंगाला जी झोप लागते ना, तशी झोप मला नंतर कधी लागली नाही.

माझी देखभाल करणारा एकच माणूस होता, कॉलेजचा वायरमन. त्याच्या मागच्या खिशात कायम पक्कड असे, म्हणून सगळे त्याला पक्कडभाऊ म्हणत. माझी देखभाल त्याच्या कामात बसत नव्हती, पण सभागृहात काही दुरुस्तीला आला की तो मला उलटी करून आतल्या स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडायचा. एकदा बटण दाबून पाहत तो शिपायाला म्हणाला, "वाजवत जा रे हिला. नुसती ठेवली तर गंजेल ही."

कारण तोपर्यंत माझं वाजणं कमी होऊ लागलं होतं. कधीपासून ते मलाही सांगता येणार नाही. कुणी बंदी घातली नव्हती. देशात आणि गावात काय काय चाललं होतं ते चहाच्या वेळी याच टेबलाभोवती बोललं जाई, अगदी तिखटमीठ लावून. पण चहाचे कप उचलले गेले, प्राचार्य खुर्चीत बसले आणि सभा सुरू झाली, की तीच माणसं वेळापत्रकावर बोलत. तेही थोडक्यात. घंटी वाजवायची वेळच येत नसे. प्राचार्य अभिमानाने म्हणत, "आपल्या सभा आता किती शिस्तीत होतात!" शिपाई मला पुसून लखलखीत ठेवी. मी दिसायला छान होते, आणि आत स्प्रिंग कडक होत चालली होती.

मग ती दुपार आली. परीक्षांची सभा होती. माझ्या बरोबर वरचा पंखा गेले काही दिवस असा किंचाळत होता की बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून पक्कडभाऊ टेबलाशेजारी शिडी लावून वर चढला होता. गणिताचे सर म्हणाले, "भाऊ, पंखा पाडायचाच असेल तर प्राचार्यांच्या बाजूला पाडा. आम्हाला अजून कर्जाचे हप्ते आहेत." सगळे खदखदून हसले, प्राचार्यसुद्धा. पक्कडभाऊही वरून हसला. बराच वेळ त्याची खुडबुड चालली होती. एकदम त्याचे हात थांबले. शिडीवरून त्याला उंच खिडकीबाहेरचं दिसत होतं.

"साहेब, बाजाराकडं धूर दिसतोय. मोठा आहे," तो म्हणाला.

सगळे उठून खिडकीशी गेले. बाजारातला छापखाना जळत होता. नदीकाठची वस्ती उठवून ती जागा कोण बळकावतंय, याचं पत्रक त्या छापखान्याने त्याच आठवड्यात छापलं होतं. आग कुणी लावली ते सगळ्या गावाला कळत होतं. आत अडकलेला एक कामगार मेला.

आणि आठवडा संपायच्या आत पोलिसांनी पकडलं कुणाला? पक्कडभाऊला. छापखान्याचं वायरिंग त्याने केलं होतं. मालकाशी त्याचा वाद झाला होता, त्यानेच आत शिरून आग लावली, असं ठरलं.

मला वाटलं, चला, यातून तो एका दिवसात सुटेल. आग लागली तेव्हा तो याच खोलीत, माझ्या डोक्यावर, शिडीवर उभा होता. इतक्या शिकलेल्या माणसांनी त्याला पाहिलं होतं. धूर दिसल्याचं त्यानेच तर त्यांना सांगितलं होतं!

पुढच्या सभेला त्याची बायको आली. दारातच उभी राहिली, डोळे सुजलेले, हातात नवऱ्याच्या डब्याची पिशवी. चौकीवर डबा घेतला नव्हता.

"साहेब, ते त्या दिवशी इथं होते, एवढं तुम्ही सगळ्यांनी सांगा. दुसरं काही मागत नाही मी."

प्राचार्य अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आम्हाला तुमचं दुःख समजतं. पण हा आजच्या सभेचा विषय नाही."

"मग घ्या ना विषयात. तुम्हीच तर ठरवता विषय."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी नीट ऐकलं आहे. कुणी तिला हाकललं नाही. कुणी तिला खोटं पाडलं नाही. इतिहासाचे सर म्हणाले, प्रकरण कोर्टात आहे, आपण बोललो तर त्यालाच त्रास होईल. कुणी म्हणालं, संस्थेने एकदा भूमिका घेतली की ती प्रत्येक वेळी घ्यावी लागते. कुणी म्हणालं, आधी सर्व बाजू समजून घेऊ. गणिताचे सर काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलाची सरकारी नोकरीतली निवड अडकलेली होती. ही माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या बऱ्याच जणांना रात्री झोप लागली नसेल. पण साधा माणूस भ्यायला की 'मला भीती वाटते' म्हणून मोकळा होतो. यांच्याकडे भीतीसाठी फार चांगले शब्द होते, आणि त्या शब्दांवर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत होता. मला इतकी चीड आली की वाटलं, कुणी न दाबताच वाजावं.

तेवढ्यात भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, निवृत्ती जवळ आली होती. त्या म्हणाल्या, "मी सांगते. त्या दिवशी तो..."

टिंग.

प्राचार्यांनी माझं बटण दाबलं होतं. रागाने नाही, जरा घाईने. वेळ संपली नव्हती, सुरूही झाली नव्हती. बाई थांबल्या. त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. 'बोलू द्या त्यांना,' एवढं एकाने म्हणावं, याची त्या वाट पाहत होत्या. एकाने जरी म्हटलं असतं तरी त्या बोलल्या असत्या, हे मी छातीठोकपणे सांगते. सगळे आपापल्या कागदांकडे बघत होते. मी पुन्हा वाजले, आणि बाई खाली बसल्या. आयुष्यभर त्या दुसऱ्या टिंगला बसत आल्या होत्या. दारातली बाई पिशवी घेऊन निघून गेली.

सभा संपली आणि चहा आला. तेव्हा मात्र सगळे बोलले. "सरळसरळ अन्याय आहे हा," इतिहासाचे सर म्हणाले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

पक्कडभाऊ कोठडीतच वारला. छातीत कळ आली, असं कळवण्यात आलं. त्याच्या अंगाकडे पाहून त्याच्या बायकोला जे कळलं ते वेगळं होतं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही.

कॉलेजने शोकसभा मात्र रीतसर घेतली. त्याच्या बायकोला बोलावून पुढच्या खुर्चीत बसवलं. 'एक प्रामाणिक कर्मचारी' असं प्राचार्य म्हणाले, आणि दोन मिनिटं उभं राहायची सूचना झाली. अलीकडे माझं तेवढंच काम उरलं होतं. पहिल्या टिंगला उठून गप्प राहायचं, दुसऱ्या टिंगला बसायचं.

मी वाजले. सगळे उठले. ती एकटी बसून राहिली.

खोलीत जराही आवाज नव्हता. वर पंखा फिरत होता, तोही न किंचाळता. त्या दिवशी पक्कडभाऊने काम चोख केलं होतं.

दोन मिनिटं झाली. प्राचार्यांनी बटण दाबलं. मी वाजले नाही. पुन्हा दाबलं. पोटातली हातोडी जागची हलेना. तेल सोडणारा हात गेल्यापासून कुणी मला उलटून पाहिलं नव्हतं, आणि गंजत आलेली स्प्रिंग आता पुरती अडकून बसली होती.

मित्रांनो, कुणीही बसलं नाही. प्राचार्यांना तोंडाने 'बसा' म्हणता आलं असतं, ते त्यांना सुचलं नाही. इतरांना आपलं आपण बसता आलं असतं, पण आधी कोण बसणार? सगळे हात बांधून, मान खाली घालून, घंटीची वाट बघत उभे राहिले. मी मुकी, आणि ते माझ्याहून मुके.

शेवटी ती उठली. टेबलाजवळ आली. तिने विचारलं, "ते त्या दिवशी इथंच होते ना?"

मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "हो. इथंच होते." त्यांच्या मागून गणिताचे सर म्हणाले, "हो, शिडीवर होते." मग इतिहासाचे सर. मग या बाजूने, त्या बाजूने, एकेक करत सगळे. सर्वात शेवटी प्राचार्यही म्हणाले, "हो, ताई."

तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"एवढंच बोलायचं होतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता मी कपाटात, जुन्या खडूंच्या खोक्यात पडून आहे. टेबलावर नवी विजेची घंटी आली आहे. मला दुरुस्त करा, घासूनपुसून पुन्हा मांडा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी एकच विनंती आहे. उद्या तुम्ही खूप शिकाल, अशाच एखाद्या टेबलाशी बसाल, आणि कुणीतरी दारात येऊन उभं राहील. तेव्हा घंटी वाजली तरी उभे राहा, वाक्य पुरं करा. शेजारचा बोलत असेल तर 'त्याला बोलू द्या' म्हणा. पक्कडभाऊ त्या दिवशी इथेच होता, माझ्या डोक्यावर, हे मलाही ठाऊक होतं. पण कुणी दाबल्याशिवाय मला आवाज नाही. तुमचं तसं नाही.