किन्हवलीचा जोड

"बघा काका, परत तीनशे!" जया खुर्चीतून अर्धवट उठली. पडद्याच्या कोपऱ्यातला, सिग्नलला लागणाऱ्या उशिराचा आकडा लाल झाला होता. तिचा गेममधला शिपाई भिंतीला चिकटून थिजला होता.

"स्पीड तर बरोबर दिसतोय," इंटरनेट कंपनीचा लाइनमन अनंता म्हणाला.

"स्पीड घेऊन काय करू? मी आता बटण दाबते नि गोळी मागनं सुटते. चारला मॅच आहे. मागच्या येळी मधीच लाइन गेली, माझ्यामुळं पाचही जणी हरलो. आज परत तसं झालं तर मला टीममधून काढतील."

"घरात बसून कसली टीम गो?" सकुबाई, तिची आई, आतून ओरडली.

जयाने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते.

अनंताने वायफाय बाजूला ठेवून कॉम्प्युटरला थेट वायर जोडली. आकडा चाळीसवर आला, दोन मिनिटं टिकला आणि परत उसळला. म्हणजे दोष घरात नव्हता. शिडी खांद्यावर घेऊन तो तारेच्या मागे मागे निघाला. खिशातला फोन वाजत होता. त्याने पाहिलाच नाही.

तिसऱ्या खांबावरच्या डबीत मुंग्यांनी घर केलं होतं आणि आतला जोड निखळत आला होता. अनंताने तार मोकळी करून खाली आणली, खांबाशी स्टुलावर जोडणीचं मशीन ठेवलं आणि तारेतलं काचेचं फायबर सोलायला घेतलं. काच तुटली. पुन्हा सोललं. या वेळी टोक मशीनच्या खाचेत बसेना. खाच कुठे आणि टोक कुठे, तेच त्याला दिसत नव्हतं.

वीस वर्षं त्याने टेलिफोनच्या तांब्याच्या तारा नुसत्या बोटांनी जोडल्या होत्या. ही काच केसाहून बारीक. चष्म्याचा नंबर दोनदा वाढवून झाला होता. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

"काका, किती टाइम?" जया धावत आली. साडेतीन झाले होते.

अनंताने घाम पुसला.

"जया, तुझी नजर चांगली हाय. मला दिसत नाय. तू बसव."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ओढणी कमरेला खोचून खाली बसली.

"हळू सोल. ओढायचं नाय. आता स्पिरिटनं पूस. काप. टोकाला बोट लावू नको... आता खाचेत ठेव."

तिचा हात जराही हलला नाही. एक टोक बसलं, मग दुसरं. मशीनने बीप दिली. अनंताने जोडावर नळी चढवली, डबी साफ केली आणि शिडीवर चढून सगळं बंद केलं.

चारला पाच मिनिटं असताना आकडा बावीसवर आला आणि तिथेच राहिला.

अनंताला निघायला हवं होतं, पण तो ओट्यावर बसून राहिला. उठला, खांबापर्यंत जाऊन वर पाहून आला, पुन्हा बसला. आतून जयाचा आवाज येत होता, "पूजा, डावीकडं! थांब, मी येते!" सकुबाईने चहा दिला. तो तसाच निवला.

पाचच्या सुमारास जया बाहेर आली. डोळे ओले होते.

"हरलो काका. शेवटच्या फेरीत."

अनंता उभा राहिला. "लाइन...?"

"नाय, नाय! लाइन एकदाबी तुटली नाय. त्या समोरच्या पोरी खरंच भारी खेळल्या." ती डोळे पुसत हसली. "पूजा, आमची कॅप्टन, म्हणाली, पुढच्या मॅचला तू हायस."

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने उचलला. ऑफिसातून हर्षितसाहेब होते.

"अनंता, कुठं आहेस? धसईला जोड तुटलाय, लोक बोंबलतायत."

"दुसऱ्याला पाठवा साहेब. मला जोड दिसत नाय आता."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"मग इतके दिवस..."

"काढले कसेतरी. शिडीचं, खांबाचं काम असेल तर द्या. मशीन आणून देतो."

त्याने मशीन फडक्याने पुसलं, पेटीत घातलं आणि दोन्ही कड्या लावल्या. पेटी गाडीला बांधून त्याने दोरी ओढून पाहिली. मग धसईचा रस्ता सोडून तो शहापूरच्या ऑफिसकडे वळला.