कॅमेऱ्याच्या पोटातला एक फोटो

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. जुना आहे, पण बहिरा नाही. धारवाडात जयतीर्थ वकिलांच्या घरी, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या कव्हराखाली बसून मी या घरातली सगळी बडबड ऐकत आलोय. स्पष्टच सांगतो, माणसांबद्दल माझं मत फार वाईट आहे.

माझा जन्म हुबळीतल्या एका दुकानात, टेबलावर झाला. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. वकिलांनी मला बसने धारवाडला आणलं. मला खिडकीजवळची सीट दिली आणि स्वतः उभे राहिले. एवढी अक्कल या घरात नंतर कुणी दाखवली नाही.

वकील माझ्यावर कोर्टाचे कागद टाईप करायचे, तेही एका बोटाने. पुढे त्यांनी कॅमेरा घेतला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. लग्न, मुंज, वकील मंडळींची सहल, शेजारच्यांची म्हैस, दिसेल त्याचा फोटो. घरी आले की वायर लावून सगळं माझ्यात ओतायचे. त्यांची बायको विमलाबाई कौतुकाने जवळ आली की म्हणायचे, "हात लावू नकोस गं, तुला जमायचं नाही." मग मोबाईल आला आणि मला कुणी विचारेनासं झालं.

गेल्या वर्षी वकील वारले. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की भिंतीवर लावायला धड फोटो नाही. आहे तो ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात वकील आरोपीसारखे दिसतात. ज्याच्या हातात कॅमेरा असतो तो कुठल्याच फोटोत नसतो, ही साधी गोष्ट या शहाण्यांना माणूस गेल्यावर कळली.

मग विमलाबाईंना आठवलं. "मी एक काढलावता ह्यांचा," त्या मुलाला, श्रीहर्षला, म्हणाल्या. "साधनकेरीच्या तळ्यापाशी. एकच."

झालं होतं असं. त्या दिवशी वकील कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घरीच विसरले होते. कॅमेऱ्याच्या पोटात थोडी जागा असते म्हणाले, आणि कधी नव्हे तो कॅमेरा बायकोच्या हाती दिला. तिने बटण दाबलं आणि पुढच्याच क्षणी कॅमेरा हातातून पडला. मागचा पडदा फुटला. वकील तणतणत घरी आले, कॅमेरा कपाटात गेला, आणि तो फोटो कसा आला हे कुणीच पाहिलं नाही.

श्रीहर्षला खरं वाटेना. "आई, पडला तेव्हा फोटो आला तरी असंल का?"

"आला असंल की. टिक्क वाजलंवतं."

श्रीहर्ष गावाबाहेर बेलूरला कारखान्यात कामाला आहे. कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं काही लावायची बंदी, म्हणून त्याने सुभाष रोडवरचं फोटोचं दुकान गाठलं. दुकानदाराने कार्ड तपासलं. शेजारच्यांची म्हैस सापडली, वकील नाहीत. "पोटातलं बघायचं तर त्याचीच वायर पाहिजे री," असं म्हणून त्याने नवे सेल घालून कॅमेरा परत दिला. वायर माझ्या टेबलाच्या खणात पडलेली होती. अशा रीतीने सगळ्यांना माझी आठवण झाली. गरज पडली की बरी आठवण येते.

रविवारी दुपारी कव्हर निघालं. मी कण्हत कुंथत चालू झालो. श्रीहर्षने माझ्या तोंडाशी, पुढच्या बाजूला, वायर खुपसली. काही नाही. काढली, उलटी करून पाहिली, जोर लावला. काही नाही. मग त्याने माझ्या डोक्यावर थापट्या मारल्या. वाळूत रुतलेल्या गाडीलाही कुणी थापट्या मारत नाही, पण मशीन म्हटलं की माणसाचा हात शिवशिवतो.

मग बेंगळुरूला फोन गेला. तिथे विमलाबाईंचा भाचा प्रभंजन सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे या घरात त्याचा शब्द शेवटचा.

"आत्या, रीस्टार्ट केलात?"

केला. पुन्हा केला.

"मग ड्रायव्हर नसंल. सीडी घाला."

सीडीचा माझा कप्पा केव्हाच गंजलाय. श्रीहर्षने तो सुरीने उघडायचा प्रयत्न केला. सुरीने! मी काय फणस आहे?

"व्हायरस असंल," प्रभंजन जांभई देत म्हणाला. "आत्या, तो डब्बा फेकून द्या बघा. आणि कॅमेरा पण गेलाय. साकु, पुरे की आता."

मला वाचा असती तर दोन शब्द ऐकवले असते. माझ्यात काही बिघडलेलं नव्हतं. कॅमेरा ठणठणीत होता. वायरही शाबूत. पण या हुशार मंडळींपैकी एकानेही वायर जिथे खुपसायची त्या भोकात डोकावून पाहिलं नव्हतं. श्रीहर्षने वायर गुंडाळायला घेतली.

"जाऊ दे आई. तोच फोटो राहू दे भिंतीवर."

विमलाबाई माझ्यासमोर खाली बसल्या आणि पदराने माझं तोंड पुसू लागल्या. रडू आलं की या बाईला काहीतरी पुसावं लागतं. पुसता पुसता थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला, भोकाशी डोळा नेला.

"अय्यो श्रीहर्षा! ही माझी अक्षता की रे!"

आता ऐका. या घरात दसऱ्याला आयुधपूजा असते. स्कूटर, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांना हळदकुंकू. मी कामाचा होतो तेव्हा मला नुसतं बोट लागायचं. रिकामा झालो तसा माझा मान वाढला. विमलाबाई दरवर्षी ओलं कुंकू कालवून माझ्या तोंडावर बरोबर त्या भोकांवर गोल टिळा काढायच्या आणि वर अक्षता दाबायच्या. "ह्यांचं मशीन आहे," म्हणायच्या. ज्या वाटेने नवरा फोटो आणायचा, ती वाट त्यांनी अशी भक्तिभावाने लिंपून टाकली होती.

"मीच बुजवलं होय रे," त्या म्हणाल्या, आणि चेहरा असा झाला की मलासुद्धा तुच्छतेने बघणं जड गेलं.

श्रीहर्षने मला बंद केलं. विमलाबाईंनी खराट्याची काडी आणली आणि कानातला मळ काढावा तसे हळद लागलेले दाणे एकेक करून काढले. कुंकवाचा खडा सुटला. मी पुन्हा चालू झालो, वायर आत गेली आणि मी टुणकन वाजलो.

कॅमेऱ्याच्या पोटात एकच फोटो होता. मी तो उघडला, पडदाभर.

एका कोपऱ्यात विमलाबाईंचं बोट. मागे तळं, तिरकं. आणि मधोमध वकील, तोंड उघडं, भुवया वर, हात पुढे करून कॅमेऱ्याकडे झेपावलेले.

"छे," श्रीहर्ष म्हणाला. "हा कसा लावायचा भिंतीवर? भांडायलेत की अप्पा."

"भांडायलेत कुठं? ‘हलवू नको गं, दाब’ म्हणायलेत." विमलाबाई हसत होत्या आणि डोळे गळत होते. "हाच लाव. असेच होते."

तोच लावलाय. श्राद्धाला आलेले पाहुणे हार घातलेल्या, ओरडणाऱ्या वकिलांपुढे हात जोडताना बिचकले. श्रीहर्षने फोटो मोबाईलमध्येही घेतला आणि मला भंगारात घालायचं म्हणाला. आईने ऐकलं नाही. माणसांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण मला नेणाऱ्याने आधी या बाईला विचारावं, एवढी माझी विनंती आहे.

कारण ती रोज दुपारी जेवण आटोपून येते आणि मला चालू करते. फोटो कसा उघडायचा ते शिकलीय. भिंतीवर तोच फोटो आहे, पण तिथे ती बसत नाही. माझा पंखा घरघरतो. थोड्या वेळाने माझा पडदा आपोआप काळा होतो. पहिल्या दिवशी ती घाबरली होती. आता नुसतं माउसला बोट लावते. वकील परत येतात, हात पुढे, तोंड उघडं.

"हं, सांगा," ती म्हणते. "ऐकायलीय मी."