मधल्या पाण्यातली आखाजी

"नर्मदीनी भाकर काळी, कुत्रासनीबी नही गिळी!"

तापीच्या पलीकडच्या काठावरून आलेला हा आवाज परकर-पोलक्यातल्या दिवसांपासून नर्मदाबाईंच्या कानात घर करून होता. आवाज दगूचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही काठांवरच्या पोरीबाया आपापली गौराई घेऊन नदीवर यायच्या आणि गौराई पाण्यात जाईपर्यंत एकमेकींचा यथेच्छ उद्धार करायच्या. गौराई बुडाली की शिव्याही बुडाल्या. मग वर्षभर वाकडा शब्द नाही. गोड शब्दही नाही, कारण भेटच नाही. दगूला नर्मदाबाईंनी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. दिसायचा तो एक हिरवा परकर, आणि यायचा तो आवाज, नदीवरून सपासप उड्या मारत येणाऱ्या दगडाच्या चिपेसारखा.

पुढे बॅरेज झालं. पाणी फुगलं, काठ लांब सरकले, शिवी अर्ध्या वाटेतच भिजून जाऊ लागली. नर्मदाबाई लग्न होऊन गावातच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेल्या, दगू नवापूरला. आखाजी होतच राहिली, झोके बांधले जातच राहिले. पण पलीकडचा काठ मुका झाला तो झालाच.

आणि यंदा निरोप आला. दगूबाई माहेरी आली शे. गुडघे गेले आहेत, पुन्हा येणं व्हायचं नाही.

आखाजीला माहेरी आलेल्या रुपानं, त्यांच्या लेकीनं, सरळ सुचवलं की फोन लाव आणि दे काय द्यायच्या त्या शिव्या. नर्मदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं फोन कमरेला खोचून टाकला. मग त्या उठल्या आणि थेट जाहिदच्या दारात गेल्या. जाहिद गावातल्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि मासेमारीसाठी त्यानं नुकतीच एक जुनी नाव घेतली होती, मागे छोटी मोटर अडकवलेली. मधल्या पाण्यापर्यंत नेशील का, एवढंच त्यांनी विचारलं. शिव्या द्यायला नाव लागते हे ऐकून तो हसत सुटला. पण सकाळीच त्यानं मोटर चालवून पाहिली. एका ओढीत सुरू.

दारात नव्यानं आलेलं यंत्र पूजेशिवाय पाण्यात कसं घालायचं? दुपारी नर्मदाबाईंनी नावेला आंब्याचं तोरण बांधलं, मोटरीला कुंकू लावलं, पेट्रोलच्या टाकीलाही पाची बोटांनी हळद माखली, वर अक्षता. ऊन कलताच गौराई मांडीवर घेऊन रुपा बसली, नर्मदाबाई पुढे बसल्या, आणि काठावरच्या बायांनी गाण्याचा सूर धरला. मोटर गुरगुरली, नाव सुटली, पदर उडाले.

लव्हाळ्याच्या पुढे थोडं गेली आणि मोटर खोकून बंद पडली.

जाहिदनं दोरी ओढली. नुसती घरघर. पुन्हा ओढली, पुन्हा. काठावरचं गाणं थांबून हसू सुरू झालं. जावयासारखी मोटर रुसली का, असं कुणीतरी ओरडून विचारलं. पलीकडे ढोल घुमत होता, रंगीत ठिपके पाण्याशी उतरले होते. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकायला आला होता. तो बुडायच्या आत गौराई गेली पाहिजे, आणि ती गेली की तोंडाला कुलूप.

जाहिदनं टाकी हलवली. पेट्रोल डचमळलं. प्लग काढला, सदऱ्याला पुसला, मोटरीच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी टचकन उडाली. आग आहे, पेट्रोल आहे, मग ही बया पेटत का नाही? तो घामानं निथळत होता. पेट्रोलच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा होता, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा. त्यानं तो दाबायला हातात घेतला आणि थबकला. फुगा चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा पडला होता, सोडला तरी वर येईना.

त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं असा श्वास ओढला, की रुपा दचकली. फुगा गरगरीत झाला.

झाकणावर हवा आत जायला बारीकसं भोक असतं. जाहिदनं झाकण उन्हाकडे धरलं. भोकावर हळदीचा थर वाळून कडक झाला होता आणि त्यात एक अक्षता अशी बसली होती, जणू बूचच. त्यानं हळदीकडे पाहिलं, मग नर्मदाबाईंच्या पिवळ्या बोटांकडे.

"मावशी, तुम्हीसनी तं इन्हं नाकच दाबी दिधं."

नर्मदाबाई पदरात तोंड खुपसून हसल्या. बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्यांनीच भोक मोकळं केलं. वर फुंकरही घातली, तान्ह्या पोराच्या डोळ्यात घालावी तशी. जाहिदनं झाकण लावलं, फुगा दाबला, दोरी ओढली.

मोटर पेटली आणि पेटलीच राहिली. नाव पाणी फाडत निघाली, तोरणाची पानं फडफडली, मागून बायांचा एकच गलका उठला. पलीकडचे ठिपके मोठे झाले, त्यांना हात फुटले, चेहरे फुटले. गुडघाभर पाण्यात, नातवाच्या खांद्यावर हात टाकून एक जाडजूड बाई उभी होती. नर्मदाबाईंनी खूण केली. जाहिदनं मोटर बंद केली. पाणी शांत झालं.

आणि तो आवाज आला. जरा चिरका झालेला, पण तोच.

"नर्मदीनी भाकर काळी, कुत्रासनीबी नही गिळी!"

नर्मदाबाई उठून उभ्या राहिल्या. नाव डुलली, रुपानं त्यांची नऊवारी घट्ट धरली. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं उत्तर त्यांनी छाती भरून फेकलं.

"दगूनी वेणी केवढी? मुळानी शेंडी तेवढी!"

पलीकडचा काठ हसून कोसळला. दगूबाई तर वाकून वाकून हसत होती, केसांवरून हात फिरवत होती. सूर्याची तेवढी कड उरली होती. रुपा गौराई घेऊन नावेच्या काठाशी सरकली. नर्मदाबाईंनी तिला हातानं थांबवलं. गौराई पाण्याबाहेर असेपर्यंत गोड बोलायचं नसतं, हे दोन्ही काठांना माहीत होतं. तरी त्यांनी तोंडाशी हातांचा द्रोण धरला.

"दगू, तुन्हा आवाज नही, तं मन्ही आखाजीच नही व्हये वं!"