‘पाहिले’ म्हणणारं बटण

त्या गुंतवणूक कंपनीत रोज सकाळी ‘झाडू’ मारला जाई. फरशी झाडायला माणूस वेगळा होता, हा झाडू संगणकावरचा. कोणत्या ग्राहकाचे पैसे धोक्यात आहेत ते तिथलं सॉफ्टवेअर तपासून लाल इशारे देई, आणि सल्लागार मंडळी ते सगळे एकदम निवडून ‘पाहिले’ हे बटण दाबत. पडदा हिरवागार! ज्याचा पडदा सगळ्यात शेवटी हिरवा होईल, त्याने बाकीच्यांना चहा पाजायचा. आपल्या गोष्टीतल्या सल्लागाराने आजवर एकदाही चहा पाजला नव्हता.

पण हल्ली त्याचं बोट बटणावर गेलं की समोरच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज येई, “तुम्ही बघताय ना?”

आवाज शिवणकाम करणाऱ्या काकूंचा. दुकान विकून आलेले पैसे त्यांनी विश्वासाने याच्या हवाली केले, आणि ते सगळेच्या सगळे एका बांधकाम कंपनीत गेले. सॉफ्टवेअरने पुन्हा पुन्हा बजावलं. पुन्हा पुन्हा झाडू फिरला. ती कंपनी बुडाली तेव्हा काकू आल्या. भांडल्या नाहीत. मांडीवरची पिशवी सारखी करत एवढंच म्हणाल्या, “तुम्ही बघत होता ना?”

“हो हो, रोज! बाजारच पडला, काकू.”

बाजार बिचारा खुलासा करायला थोडाच येतो! काकू गेल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. खुर्ची मात्र तेव्हापासून त्याला रिकामी वाटेना. दाढी करताना, जिना चढताना, लेकीने चित्र दाखवलं तरी त्याला तोच प्रश्न ऐकू येई. त्याला भीती वाटू लागली होती.

रविवारी त्याची थोरली बहीण आली. ती रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स होती. भावाचा उतरलेला चेहरा बघून तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

“पण ताई, ढिगाने इशारे येतात गं. बहुतेक फुसके असतात.”

“आमच्याकडेही मशीन दिवसभर केकाटतात. बहुतेक वेळा वायरच निसटलेली असते.”

“मग?”

“मग काय? आधी पेशंटकडे बघायचं, मग आवाज बंद करायचा. उलटं केलंस तर मशीन गप्प होतं, आणि एखाद्या दिवशी पेशंटही. त्या खुर्चीत काकू बसत नाहीत रे. तुझं खोटं बसतं.”

सोमवारी इशाऱ्यांत एक नाव होतं निवृत्त बसचालक काकांचं. बोट सवयीने बटणावर गेलं. “तुम्ही बघताय ना?” त्याने हात झटकन मागे घेतला.

“अरे, आज चहा तुझ्यावर!” मित्र ओरडले.

“येऊ दे माझ्यावर!”

त्याने तो इशारा उघडला. काकांची सगळी पुंजी एकाच डळमळीत कंपनीत होती. त्याने तडक फोन लावला. “काका, तुमचे पैसे धोक्यात आहेत. मला हे आधीच कळायला हवं होतं. मी न बघता बटण दाबत होतो.”

“अहो, तुम्ही बघताय म्हणून तर मी निश्चिंत होतो!” काका कडाडले. त्याने पैसे कुठे हलवता येतील ते समजावून सांगितलं. दुपारपर्यंत काकांच्या संमतीने पैसे तिथून निघाले आणि चार ठिकाणी विभागले गेले.

संध्याकाळी तो काकूंना शोधत गेला. त्या आता दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसल्या होत्या.

“काकू, मी बघत नव्हतो. आज कंपनीला तसं लेखी दिलंय. तुम्हाला भरपाई मागता येईल. माझी नोकरी राहील, न राहील.”

मशीन थांबलं. काकूंनी दाताने धागा तोडला. “मला त्याच दिवशी कळलं होतं. ‘रोज’ म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. माझ्यासारखे आणखी कितीजण आहेत?”

“तेच बघतोय आता.”

“मग इथे काय उभे राहिलात? जा, बघा!”

वाचकहो, असं बटण आपल्या प्रत्येकाच्या हाताखाली आहे. न वाचता केलेली सही, न तपासता दिलेला होकार, हाही झाडूच. यंत्र फक्त इशारा देतं, बघायचं माणसालाच असतं. बघितल्याशिवाय ‘पाहिले’ म्हणू नका. आपल्या भरवशावर कुणीतरी डोळे मिटून झोपलेलं असतं.