कोबा अजून ओला आहे

कुळगावात नाथाचं घर तसं ऐसपैस, पण त्याला तोंडच नव्हतं. दार उघडलं की डायरेक्ट रस्ता. पाय बाहेर टाकायच्या आधी मान काढून बघायचं, टांगा येतोय का रिक्षा. सत्त्याऐंशी साली त्याच्या पोरीला, अंजनीला बघायला पहिलं स्थळ आलं, तर ती मंडळी दारावरनं दोनदा पुढे गेली नि दोनदा मागे आली. एकाने तर गोठा समजून आत डोकावलं. स्थळ हुकलं. पोरगी पसंत होती म्हणे, पण मध्यस्थ बोलून गेला, "नाथाभाऊ, घराला काही शोच नाही."

तो "शो" नाथाच्या छातीत खिळ्यासारखा बसला. नाथा अंबरनाथच्या कंपनीत फिटर. त्याला ढिला बोल्ट चालत नाही, मग हे कसं चालेल? त्यात दुसरं स्थळ अंबरनाथचंच आलं. पोराचा मामा भीमराव दोन महिन्यांनी येणार, आणि मामा "हो" म्हणाला की झालंच. हे हातचं जाता कामा नये, एवढंच नाथाच्या डोक्यात.

त्याने रजा टाकली आणि रघू गवंड्याला धरलं. दारापुढे ओटा उठला, वर स्लॅब, पुढे दोन गोल खांब. उल्हासनगरहून मोराची जाळी आणली. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, मोर लेके जाओ. घर नाही, बंगला वाटणार." खाली लाल सिमेंटचा कोबा, असा गुळगुळीत की त्यात आपली मिशी दिसावी.

जाताना रघूने बजावलं, "सात दिवस पाणी मार. मग सुकव आणि मला बोलव, मेण घोटून देतो. नाहीतर लाल रंग सुटत राहील."

आता कुळगावची रीत अशी, की ओटा बांधला की तो आळीचा. मालकाने फक्त झाडायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी समोरची विठाआत्या मिश्रीची डबी घेऊन हजर. मागोमाग चंदू न्हावी आणि अनंता, पत्त्यांचा कॅट घेऊन.

नाथा आतून धावत आला. मिश्रीच्या पिचकाऱ्या! बिड्यांची थोटकं! भीमरावमामा येईपर्यंत ओट्याचं काय राहणार?

"उठा, उठा! कोबा अजून ओला आहे!"

"कुठे रे ओला?" आत्याने हात फिरवला. "खडखडीत आहे."

"आतून ओला आहे, आत्या. वरनं कळत नाही."

तिघं गेल्यावर नाथाने बायकोला हुकूम सोडला, "इंदू, दिवसाला चार वेळा पाणी. एक पण वेळ चुकली ना, तर बघ."

"अहो, सात दिवस झाले की. बायका बसायला येतात माझ्याकडे, त्या..."

"मी सांगितलं ना? चार वेळा."

इंदुबाईने बादली उचलली.

वीस दिवस पाणी. कावळे आंघोळीला यायला लागले. रघू सायकलवरून जाताना ओरडला, "नाथाभाऊ, ओटा केलास का खाचर? भात लावतोस काय?" समोर आत्याच्या शेणाने सारवलेल्या ओट्यावर सगळी आळी दाटीवाटीने बसायची आणि इकडे बघून दात काढायची. नाथाला फिकीर नव्हती. ओटा शाबूत होता.

रविवारी मामाला आणायला नाथा टांगा घेऊन स्टेशनवर गेला. रस्ताभर एकच गोष्ट, कोपऱ्यावर वळलं की मोर दिसेल. वळलं, मोर दिसला. आणि मोराखाली तळं.

भीमराव पांढऱ्या कडक लेंग्यात पायरीशी थबकला.

"इंदू!" नाथा दातओठ खात दाराशी गेला. "आज कशाला ओतलंस?"

"चार वेळा म्हणालात," इंदुबाई सरळ तोंडाने म्हणाली. "ही दुसरी."

"सुकेपर्यंत बसतो मी इथे," म्हणत भीमराव समोर गेला आणि आत्याच्या ओट्यावर मंडळींत टेकला. मधे रस्ता दहा फुटांचा. नाथाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आजी, ओटा तर झकास आहे त्यांचा. पण रविवार असून एक माणूस नाही बसलेला. माणसं भांडखोर आहेत काय?"

विठाआत्याने डबी उघडली. चिमूट घेतली. एक दात घासला, दुसरा घासला. तिला एवढे दात आहेत हे नाथाला त्या दिवशी कळलं.

"भांडखोर नाही," ती शेवटी म्हणाली. "पण बोलावलं तर जाऊ ना आम्ही."

"आत्या, या ना बसायला!" नाथा ओरडला.

"कोबा ओला आहे ना रे, बाळा."

"आतून," अनंता म्हणाला.

"वरनं कळत नाही," चंदूने जोड दिली.

"असू दे ओला! या!"

"असं नाही," आत्या म्हणाली. "नावं घेऊन बोलव. मोठ्याने."

नाथाने हात जोडले. एकेकाचं नाव घेतलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. मग आत्या उठली, रस्ता ओलांडून आली आणि पाण्यातच फतकल मारून बसली. मागून चंदू, अनंता. भीमराव क्षणभर लेंग्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सगळे बसलेत तर मी काय साखरेचा आहे?" आणि बसला. नाथा पण बसला. थंडगार.

अंजनी पोहे घेऊन आली. बशा देताना तिची नजर कडेने वाहणाऱ्या लाल ओघळाकडे गेली आणि ओठ दाबता दाबता फुटलेच.

"काय गं पोरी, हसतेस का?"

"काही नाही मामा. इतक्यात उठू नका."

अर्थात मामा उठला. मागनं लेंगा लालभडक. आत्या उठली, ती लाल. अनंता, चंदू, नाथा, सगळ्यांच्या मागे एकच शिक्का. मेण कुठे घोटलं होतं?

नाथाने डोळे मिटून घेतले. गेलं हे पण.

"आता हे घेऊन मी अंबरनाथच्या बाजारातनं घरी जाणार," भीमराव मान मागे वळवून बघत म्हणाला. "लोक विचारतील. काय सांगू?"

"सांगा, भाचेसून बघून आलो," अंजनी बोलली आणि बोलल्यावर जीभ चावली.

मग भीमरावाच्या पोटातनं हसू असं गडगडत आलं, की तो खांबाला धरून परत खाली बसला, त्याच पाण्यात. "नाथाभाऊ, साखर काढा," तो डोळे पुसत म्हणाला. "ही पोरगी आमच्याच घरात पाहिजे."

नाथा साखर आणायला धावला. विठाआत्याने इंदुबाईला जवळ ओढलं. "इंदे, खरं सांग. विसरून ओतलंस?"

इंदुबाईने बादली पालथी घातली, तिच्यावर ऐटीत बसली आणि म्हणाली, "एका बादलीत कुठे एवढं भिजतं, आत्या? तीन ओतल्या."