गोधडीविना

तूहोएकाकांनी उभ्या आयुष्यात एकच नियम केला आणि त्यापायी गावभर वैर ओढवून घेतलं. हाउपा बेटावर खोबरं काढायला जाणारी बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबवायची, सगळं सामान झटकायचं. ज्यात उंदराची खूण सापडेल ते उतरवायचं नाही.

हे सगळं तुतुरुरूसाठी. होल्याच्या जातीचा हा पक्षी जमिनीवर चालत बिया टिपतो, बुटक्या झुडपात घरटं करतो आणि कुणालाच भीत नाही. उंदरालाही नाही, तिथेच मरतो. आमच्या राहत्या बेटावर काकांच्या लहानपणी हे पक्षी चुलीपाशी यायचे. बोटींतून उंदीर आले आणि काकांच्या लग्नापर्यंत एकही पक्षी उरला नाही; उंदीर न पोचलेल्या हाउपावर मात्र ते राहिले. मरताना काका म्हणाले, "मला हाउपालाच पुरा."

म्हणून आम्ही पुतणे, काकू आणि खिळे ठोकून बंद केलेली शवपेटी असे कड्यापाशी पोचलो. नियमाप्रमाणे मी गोधडी उलगडली. आमच्यात नवऱ्याला बायकोच्या हातच्या गोधडीविना पुरत नाहीत. काका अंथरुणाला खिळले तेव्हापासून तेउमेरेकाकू ती शिवत होती. गोधडीचा कोपरा कुरतडलेला होता आणि घडीत लेंड्या होत्या.

"जुन्या असतील गं ताई," बोटवाला पुनुआ म्हणाला. तो काकूचा धाकटा भाऊ.

काकूने एक लेंडी दाबली. ती चेपली.

"ताजी आहे. उंदीर बोटीतच आहे."

आम्ही फळ्या उचकटून पाहिलं. मेला कुठे दडला होता कोण जाणे.

"आता प्रेत घेऊन परत फिरायचं? लोक तोंडात शेण घालतील!" पुनुआ ओरडला.

"परत कोण फिरतंय?" काकू म्हणाली. "पेटी पाण्यात सोडा. ती तरंगेल, आपण पोहत ओढून नेऊ. पुनुआ, तू लांब निघून जा. जवळ थांबलास तर तो उंदीर पोहत येईल. त्याला मारलंस की ये न्यायला."

"काकू, गोधडी तरी..." मी म्हणालो.

"नाही."

"जिवंतपणी माझा तांदूळ समुद्रात फेकला या माणसाने," पुनुआ पुटपुटला, "आणि आता मेल्यावरही छळतोय." पण दोर त्यानेच बांधले, आणि बांधताना त्याचे डोळे गळत होते.

पेटी प्रवाळावर आपटली, माझे गुडघे सोलवटले. मी काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. काकू काळ्या झग्यात पुढे पोहत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

खोबरं काढणाऱ्यांच्या खोपटातल्या फावड्याने आम्ही खड्डा खणला आणि काकांना पुरलं. काकूचे हात सारखे मांडीवरून फिरत होते, गोधडीची घडी घालावी तसे. मला ते बघवेना.

तेवढ्यात झुडपातून तपकिरी तुतुरुरू मादी चालत आली. आमच्या पायांमधून वाट काढत ती उकरलेल्या मातीतलं बी टिपू लागली. काकू हललीसुद्धा नाही. पक्षी पोटभर टिपून गेल्यावर तिने मातीवर हात ठेवला.

"झोप आता उघडाच," ती म्हणाली. "नियम तुझाच होता."