जास्तीचा फेरा

मिथुनच्या बापाचे ट्रक चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहतात. कॉलेजच्या गॅदरिंगचा मांडवही त्यानेच दिला होता. त्यामुळे मिथुनची आणि माझ्या नातीची, रुचिताची, उत्तरपत्रिका सारखी निघाली तेव्हा नक्कल कोणी केली हे हटवार सरांनी विचारलंच नाही. शून्य रुचिताला मिळालं. वर दम दिला, पुन्हा सापडलीस तर परीक्षेला बसू देणार नाही.

नाकाडोंगरीला घरी येऊन ती जेवायला बसेना.

"तोच माह्या मांगं बसून उतरवते, आजी. अडला का मीच हळूच सांगत होती त्याले."

"मंग आता रडून काय होते?"

"काय करू मंग?"

"सोडू नोको त्याले."

नातीला क्षमा शिकवावी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नातीला कोणी चोर म्हटलेलं नसतं.

काय उतरवलं ते दाखव, म्हणून मी तिला कागद काढायला लावला. जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत चार ओळी होत्या. यंत्र न लावता एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचं आणि कोणत्या खान्यात कोणता आकडा आला ते मांडत जायचं. याला ती पोरं ट्रेस करणं म्हणतात. मी म्हातारपणी साक्षरता वर्गात अशीच बोट ठेवून वाचायला शिकले, म्हणून मला ते जड गेलं नाही. 'आय' नावाचा आकडा एकपासून निघतो, सहापेक्षा लहान आहे तोवर फिरतो, आणि दर फेऱ्याला 'सम'मध्ये, म्हणजे बेरजेत, त्याची भर पडते. पाचाचा फेरा झाला की थांबायचं. बेरीज पंधरा.

"अन् थांबलाच नाही तं? सहाचाबी फेरा झाला तं?"

"तं उत्तर चुकते, आजी..." म्हणत तिने कागदावर खाली सहाचा फेरा लिहून पाहिला. मग उठून तिने स्वतःच ताट वाढून घेतलं.

पुढच्या चाचणीत याच तऱ्हेचा प्रश्न आला. मिथुन निलाजरा, पुन्हा तिच्या मागेच बसला. रुचिताने पेपर जरा तिरपा धरला, त्याला नीट दिसावा म्हणून. सहाचा एक फेरा तिने जास्तीचा लिहिला, आणि त्यात बेरीजही चुकवली. पंधरा आणि सहा, बावीस. मिथुनने ते उतरवलं, पेपर दिला आणि शीळ घालत निघून गेला. तेव्हा तिने ती ओळ खोडली, पंधरा लिहिलं आणि खाली दोन वाक्यं जोडली: "सर, सहाचा फेरा मी मुद्दाम लिहिला होता. बावीस हे उत्तर आणखी कोणाचं आहे ते पाहावं."

सरांनी दोन्ही घरच्यांना बोलावलं. मिथुनचा बाप मोतीलाल आल्या आल्या म्हणाला, "गलती झाली असन, सर. पोरगा हुशार आहे आपला."

"मंग फळ्यावर करून दाखवू द्या," रुचिता म्हणाली.

सरांनी मिथुनच्या हाती खडू दिला. त्याने 'आय'चा खाना काढला, त्यात एक लिहिला, आणि अडला. सवयीप्रमाणे त्याने रुचिताकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले.

"बोल ना बे!" मोतीलाल पोरावर खेकसला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "पोरी, सांग ना वं थोडंसं. भाऊच समज."

"मी सांगतलं तं नक्कल होईन, काकाजी."

मोतीलालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्या मन भरून पाहिल्या.

सरांनी रुचिताचं जुनं शून्य मागे घेतलं. पेपर दाखवला म्हणून या चाचणीचे गुण मात्र कापले. "कापा, सर," ती लगेच म्हणाली.

मिथुन अजून फळ्याकडे तोंड करून उभा होता. सरांना त्याची दया आली असावी. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "झालं ना आजी, आता जाऊ द्या त्याला."

"आमच्या एसटीले टाइम आहे, सर," मी म्हणाले. "होऊ द्या त्याचं पुरं."